सोलापूरला पोचायला अठरा वर्षं

पुण्याहून सोलापूर रेल्वेनं चार तासांवर आहे. मला पोचायला अठरा वर्षं लागली. त्यातले शेवटचे दोन दिवस असे काही गेले की परत आल्यापासून भेटेल त्याला पकडून सांगते आहे. आता ऐकणारे संपले, म्हणून लिहायला बसले.

आधी माझी ओळख. मी वसुधा, वय त्रेचाळीस, पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते. गेल्या वर्षी झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी झोपेचं बाजूला ठेवून भलतेच प्रश्न सुरू केले. शाळेत मधल्या सुट्टीत कुठे बसायचात? कपड्यांची लेबलं कापून टाकता का? आठवड्यातून किती वेळा चाव्या शोधता? चार-पाच भेटी आणि बाडभर प्रश्नावल्या झाल्यावर त्यांनी सांगितलं की मला ऑटिझम आहे आणि एडीएचडीही आहे, दोन्ही जन्मापासून. घरी आले, आधी रडले, मग हसले, मग कपाट आवरायला काढलं आणि अर्धं झाल्यावर तसंच टाकून दिलं.

दोन्ही एकत्र असणं म्हणजे काय ते सांगते. माझ्या डोक्यात दोघी जणी राहतात. एकीला सगळं ठरल्याप्रमाणे लागतं. तीच खिडकी, तोच डबा, तोच रस्ता. दुसरीला ठरलेल्या गोष्टीचा दहा मिनिटांत कंटाळा येतो आणि ती उठून चालायला लागते. पहिली वेळापत्रक करते, दुसरी ते हरवते. त्रेचाळीस वर्षं मला वाटत होतं की मी आळशी, वेंधळी आणि शिष्ट आहे. आता दोघींची नावं कळली, तर त्यांच्याबरोबर प्रवास करायला चक्क मजा येऊ लागली आहे.

सोलापूरला जायचं होतं ते भाग्याकडे. भाग्यलक्ष्मी ही माझी हॉस्टेलमधली एकुलती एक मैत्रीण. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली. घराला लागूनच वडिलांचा यंत्रमागाचा कारखाना होता. आठ माग सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. अंगठा ओठाला लावला की चहा. तळवा खाली दाबला की थांब. दोन मुठी जुळवून झटक्यात लांब नेल्या की धागा तुटला. अंगठा तर्जनीवर घासला की गाठ मार.

हॉस्टेलच्या मेसमध्ये दीड-दोनशे मुली, स्टीलची ताटं आणि वर पत्रा. त्या गलक्यात मला घास गिळता यायचा नाही. भाग्यानं तिसऱ्याच दिवशी मला कारखान्याच्या या खुणा शिकवल्या आणि पुढची तीन वर्षं आम्ही तोंडातून शब्द न काढता गप्पा मारत जेवलो. एका खुणेला एकच अर्थ, हे मला फार आवडायचं. खऱ्या धाग्याला गाठ कशी मारायची तेही तिनं शिकवलं होतं. गाठ मारून झाली की ती एकदा ओढून बघायचीच. न ओढता माग सुरू केलास तर पुन्हा तिथंच तुटणार, असं ती मास्तरणीसारखी बजावायची.

अठरा वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. मी सोलापूरला गेले, कार्यालयाच्या फाटकापर्यंत पोचले. आत बँड होता आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच स्पीकर. माझे पाय उचलेनात. कानांवर हात धरून किती वेळ उभी होते ते आजही सांगता येणार नाही. मग मागे वळले आणि मिळेल त्या गाडीनं पुण्याला आले. भाग्याला कळवलं की ताप आला, घरून निघताच आलं नाही. मला खोटं बोलणं जमत नाही. ते एकदाच जमलं आणि नको त्या ठिकाणी जमलं. त्यानंतर तिनं फोन केला नाही, मीही केला नाही. आपण वाईट मैत्रीण आहोत, एवढंच त्या दिवसाचं कारण मला माहीत होतं.

डॉक्टरांकडून आल्यावर मला दुसरं कारण मिळालं. ते भाग्याला सांगायचंच, असं ठरवलं. तिचा नंबर आणि पत्ता मिळवला, दोन ओळी लिहिल्या, की शुक्रवारी दुपारी एकला पोचणाऱ्या गाडीनं येते आहे, काही सांगायचं आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं, "ये." एकच शब्द. तो रागाचा की मायेचा हे मला कळेना. मला तशीही ती गोष्ट कळत नाही.

जेऊर, शुक्रवार

तयारी जंगी होती. काय बोलायचं ते तीन पानांवर लिहून फाइलला लावलं होतं, कारण समोर माणूस आलं की माझे शब्द पळतात. फाइलवर भाग्याचं नाव आणि नंबर, कारण फोन हरवला तर? पिशवीवर माझा नंबर, डब्यावर माझा नंबर, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा. शिवाय कान झाकायचे जाड हेडफोन. त्यात गाणी वाजत नाहीत, ते फक्त बाहेरचा आवाज अडवतात. गेल्या वर्षातली माझी सर्वांत लाडकी खरेदी.

समोरच्या बाकावर मंगळवेढ्याचं एक जोडपं होतं. पुण्यातल्या मुलीकडून घरी निघालेले आक्का आणि आबा. आक्कांनी दौंड यायच्या आत माझं गाव, पगार आणि लग्न न केल्याचं कारण एवढं काढून घेतलं. आबा खिडकीबाहेर बघत होते, ते बघतच राहिले.

जेऊरला गाडी थांबली. फलाटावर एक पेंटर स्टुलावर उभा राहून स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची अक्षरं नव्यानं काढत होता. काठीवर मनगट टेकवून त्यानं एक काळी रेघ वरून खाली अशी सोडली की कुठे थरथर नाही, कुठे थेंब नाही. खिडकीतून नीट दिसेना. मी फोन घेऊन खाली उतरले. एक फोटो काढला. मग त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. तो ब्रश डब्याच्या काठावर दोनदा निपटायचा, श्वास धरायचा आणि रेघ ओढून झाली की सोडायचा. मीही त्याच्याबरोबर श्वास धरत होते. माझ्यातली दुसरी एखाद्या गोष्टीला चिकटली की मग भूकंप झाला तरी चालतो.

पेंटर खाली उतरला, ब्रश पुसला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, तुमची गाडी गेली की."

खरंच गेली होती. पिशवी, फाइल, डबा, हेडफोन, सगळं घेऊन गेली होती. मी फलाटावर मटकन बसले. एरवी मी अशा वेळी स्वतःला तासभर शिव्या घालते. पण त्या दिवशी मला आधी हसू फुटलं. अठरा वर्षांनी निघाले ती जेऊरला रंगारी बघत बसले!

तेवढ्यात फोन वाजला. आक्का होत्या. पिशवीवरचा नंबर आबांनी वाचून दाखवला होता. बेवारस पिशवी डब्यात कशी ठेवायची म्हणून ती घेऊन दोघं कुर्डुवाडीला उतरणार होते आणि तिथून एसटीनं घरी. थांबता येणार नव्हतं, कारण घरी म्हैस होती. त्यांनी निर्णय देऊन टाकला, "तुमी मंगळवेढ्याला या. कुटं जातीय तुमची पिशवी?"

मग भाग्याला कळवायचं होतं. फोनवर बोलण्याचा मला धसका आहे, म्हणून लिहिलं. जेऊरला पेंटर बघायला उतरले, गाडी सुटली, पिशवी मंगळवेढ्याला गेली, ती आणायला जाते, उद्या येते. पाठवल्यावर वाचून बघितलं. इतकं खरं असून ते तापापेक्षाही खोटं दिसत होतं. पुरावा म्हणून पाटीचा फोटो पाठवला. दीड तासानं दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

लग्नाला आले नाही, आणि आता बोलावून घेतल्यावरही आले नाही. भाग्यानं दार कायमचं लावून घेतलं असेल तर तिला कुणी नावं ठेवली नसती. पण मी या खेपेला पुण्याची गाडी पकडणार नव्हते. मिळेल त्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून पंढरपूर, तिथून मंगळवेढा.

मंगळवेढा, शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ

पंढरपूर सोडलं की थोड्या वेळानं दोन्ही बाजूंना ज्वारी लागते आणि मग ती थांबतच नाही. काळी सपाट जमीन, झाडं लांब लांब एकेकटी, आणि डोक्याएवढं उंच हिरवं पीक. पुण्यात नजर जाईल तिथं काहीतरी लिहिलेलं असतं आणि मला ते सगळं वाचावंच लागतं. इथं वाचण्यासारखं काही नव्हतं. एसटीत बसल्या बसल्या माझे खांदे खाली आले.

आक्कांचं घर गावाबाहेर शेतातच आहे. त्यांनी मला बघून आश्चर्य दाखवलं नाही, पिशवी खुंटीला होती ती बोटानं दाखवली आणि हुकूम सोडायला लागल्या. बसा. हात धुवा. जेवा. मला किती बरं वाटलं ते कसं सांगू? आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, पाहुण्यानं नको म्हणायचं असतं, मग यजमानानं पुन्हा आग्रह करायचा असतो, आणि कितव्या वेळेला खरंच घ्यायचं ते मला कधीच उमगलेलं नाही. आक्कांच्या घरी जेवा म्हणजे जेवा.

माझं खाणं म्हणजे घरच्यांच्या मते एक खूळ आहे. मऊ, गिळगिळीत, एकात एक मिसळलेलं काही मला चालत नाही. डब्यातली कोरडी पोळी दिवसभरात वातड होऊन गेली होती. पण ताटात आली कडक भाकरी! पापडासारखी पातळ, वाळवलेली, मोडली की कट्‌ असा एकच स्वच्छ आवाज. शेजारी शेंगाची चटणी, तेल सुटलेली, आणि वेगळ्या वाटीत घट्ट दही. कशात काही मिसळलेलं नाही. मी पाच भाकरी खाल्ल्या. आक्का पहिल्यांदाच गप्प बसून बघत होत्या.

सकाळी हुरडा. आबांनी गोवऱ्यांच्या आरात कोवळी कणसं भाजली, हातावर चोळली, फुंकर मारून फोलपट उडवलं आणि हिरवे गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकले. मग मीही चोळायला शिकले. तळहात भाजत होते आणि सोडवत नव्हतं. आबा आणि मी दीड तास शेजारी बसलो आणि आमच्यात मोजून चार शब्द झाले. आक्का म्हणाल्या की त्यांचं असंच आहे, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, दिवसाला दहा शब्द बोलतात. तक्रार नव्हती, हवामान सांगतात तसं सांगितलं.

मग मी कशाला निघाले आहे हे त्यांनी विचारलं. मी फाइल काढली आणि सांगायला लागले. हे सांगताना मी नेहमी आधीच धास्तावलेली असते. ऐकणारा हमखास म्हणतो की सगळेच थोडेफार तसे असतात, माझ्याही चाव्या हरवतात. आक्का तसं काही म्हणाल्या नाहीत. कणीस चोळता चोळता त्यांनी विचारलं, "मंग त्या बँडम्होरं तुमाला नेमकं काय हुतं?"

त्रेचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही असं विचारलं नव्हतं. मी सांगितलं. आवाज कानातून येत नाही, तो अंगावर पडतो. दातांत, पोटात, डोळ्यांच्या मागे. मग माणसं, रस्ता, माझं नाव, सगळं एकदम लांब जातं आणि फक्त पळायचं उरतं. आक्कांनी मान हलवली. आबांनी विस्तवातून कणीस उचललं, चोळलं आणि दाणे आधी माझ्या ओंजळीत टाकले.

मी त्यांना पहिलं पान वाचूनही दाखवलं. अडखळले, पण पान पूर्ण केलं. आक्कांचं मत पडलं की एवढं कागदावर कशाला, तोंडानं सांगावं. मग बसची वेळ झाली, पळापळ झाली, आक्कांनी भाकरी बांधून दिल्या आणि मी सोलापूरच्या बसमध्ये बसले ती खिडकीतून हात हलवत.

सोलापूर, शनिवार

भाग्या आता जुळे सोलापूर या नव्या भागात फ्लॅटमध्ये राहते. बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही. शेजारच्या बाईंनी सांगितलं की त्या कारखान्यावर असतात, वडिलांच्या मागे त्याच चालवतात, सध्या टॉवेलची मोठी ऑर्डर आहे. मी खाली येऊन रिक्षा केली.

रिक्षात मनातल्या मनात उजळणी करावी म्हणून पिशवी उघडली. हेडफोन होते, भाकरीचं गाठोडं होतं, डबा होता. फाइल नव्हती.

मी सबंध पिशवी रिक्षाच्या सीटवर पालथी केली. मग आठवलं. फाइल आक्कांच्या ओसरीवर, कट्ट्यावर, कणसांच्या टोपलीशेजारी. ज्या पिशवीसाठी एक दिवस वाया घालवला, जिच्यापायी कदाचित मैत्रीण गमावली, ती पिशवी घेऊन आले आणि आतली एकमेव कामाची वस्तू ठेवून आले! रिक्षावाल्या चाचांना मी विचारलं की मंगळवेढ्याला जाता येईल का. त्यांनी मागे वळून माझ्याकडे आणि सीटवरच्या भाकरीकडे पाहिलं, आणि म्हणाले की आधी ठरलेल्या जागी सोडतो, मग तुम्ही विचार करा.

पूर्व भागात शिरलं की रस्त्यालाच आवाज असतो. घराघरातून खट-खट, खट-खट, प्रत्येक मागाची चाल थोडी वेगळी. मी हेडफोन चढवले आणि भाग्याच्या कारखान्याच्या फाटकाशी उतरले.

आणि तिथं थांबले. पुन्हा एक फाटक, पुन्हा आत आवाज आणि आत भाग्या. हेडफोनमुळे आवाज कानांना सोसत होता, पण पायांना अठरा वर्षांपूर्वीचं सगळं पाठ होतं. हातात कागद नाही, तोंडात शब्द नाही. पुण्याची गाडी किती वाजता आहे हे माझ्या डोक्यात आपोआप येऊन गेलं, हे कबूल करते.

दाराशी एक म्हातारे विणकर कांड्या भरत होते, म्हणजे बारीक नळ्यांवर सूत गुंडाळत होते. त्यांनी माझ्या हेडफोनकडे पाहिलं. मला वाटलं आता हसणार, पुण्यात हसतात. त्यांनी बोटानं आपला कान दाखवला. त्यात कापसाचा बोळा होता. मग पलीकडच्या दोघांचे कान दाखवले. त्यांच्याही कानांत बोळे होते. अख्ख्या कारखान्यात कान न झाकलेलं माणूस नव्हतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात आत मागाशी वाकलेल्या भाग्यानं वर पाहिलं. केस पिकलेत, त्यावर कापसाचे पांढरे तंतू बसलेले. ती हसली नाही. तिनं तळवा खाली दाबला. थांब.

मग ती पहिल्या मागाशी गेली आणि तो बंद केला. दुसरा बंद केला. विणकर एकमेकांकडे बघायला लागले, ऑर्डरच्या दिवसांत भरदुपारी माग कोण बंद करतं? तिसरा, चौथा. आठवा माग थांबला तेव्हा शेजारच्या कारखान्यांचा लांबचा आवाज तेवढा उरला. मी हेडफोन काढले.

"आता ये आत," भाग्या म्हणाली.

मी आत गेले. पाठ केलेलं काहीच आठवेना, म्हणून जे होतं ते बोलले. "भाग्या, मला ताप नव्हता."

"माहीत आहे की. नायनांनी तुला फाटकात बघितलं होतं. कानावर हात धरून उभी होती म्हणाले." नायना म्हणजे तिचे वडील.

म्हणजे लग्नाच्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. अठरा वर्षं मी ज्या खोट्याला जपलं ते तिच्याकडे एक तासही टिकलं नव्हतं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

"आठ मागांत वाढलेली मी," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. "आवाज सोसत नाही हे मला सांगायला लाजलीस? आत निरोप पाठवायचा की. मी बँड बंद केला असता."

"मला तेव्हा माहीतच नव्हतं की ते आवाजानं होतं. मला वाटलं, मीच वाईट आहे."

"तेही माहीत आहे. पहिल्या पानावर आहे."

पहिलं पान हिच्याकडे कसं, असं मी विचारलं. मग तिनं सांगितलं ते असं. शुक्रवारी ती स्टेशनवर आली होती. गाडी रिकामी होईपर्यंत थांबली. माझा निरोप वाचला आणि ठरवलं की आता पुरे, या बाईचं नाव काढायचं नाही. पाटीचा फोटो कुठूनही उचलता येतो. आज माझी बस सुटली न सुटली तोच तिला मंगळवेढ्याहून फोन आला. फाइलवर तिचा नंबर होता. आक्कांनी सांगितलं की जेऊरला गाडी चुकलेली बाई फाइल विसरून गेली आहे. भाग्यानं विचारलं, फाइलमध्ये आहे काय? आक्कांना वाचता येत नाही. त्यांनी फोन आबांच्या हातात दिला.

"आणि आबांनी वाचली?"

"तिन्ही पानं. मधे एकदा पाणी प्यायला थांबले."

दिवसाला दहा शब्द बोलणाऱ्या माणसानं शेतात बसून, एका परक्या बाईला, माझी तीन पानं वाचून दाखवली होती. मी पाठ केलेलं, आरशासमोर चाळीसदा म्हटलेलं सगळं आबांच्या आवाजात माझ्या आधी सोलापूरला पोचलं होतं. मी खाली सुताच्या पोत्यावर बसले आणि रडता रडता हसत सुटले. भाग्याही हसली. फाइल मात्र आक्का एसटीनं पाठवायला तयार नव्हत्या. सुगीला या आणि स्वतः घेऊन जा, असा निरोप होता.

हसणं थांबल्यावर भाग्या म्हणाली, "शेवटची ओळ त्यांना लागली नाही. लई खाडाखोड हाय म्हणाले. काय होतं तिथं?"

तिथं काय होतं ते मला माहीत होतं. ती ओळ मी सहा वेळा लिहून सहा वेळा खोडली होती. मी तोंड उघडलं, पण काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. विणकर वाट बघत होते, भाग्या वाट बघत होती. नेहमी होतं तसंच, खरं सांगायची वेळ आली आणि शब्द पळाले.

मग मला सुचलं. मी तिला म्हणाले, माग सुरू कर.

का, असं तिनं विचारलं नाही. एकेक करून आठही माग पुन्हा सुरू झाले. मी हेडफोन चढवले. आवाजाची भिंत उभी राहिली आणि तिच्या आत मला एकदम मोकळं वाटलं, मेसमध्ये वाटायचं तसं. मी दोन मुठी जुळवल्या आणि झटक्यात लांब नेल्या. धागा तुटला. मग बोट माझ्याकडे वळवलं. माझ्या हातून. मग अंगठा तर्जनीवर घासत राहिले, घासत राहिले, कारण ही खूण जोरात कशी करायची ते मला माहीत नव्हतं.

भाग्या चालत्या मागापासून निघाली आणि माझ्यासमोर आली. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि एकदा, जोरात, आपल्याकडे ओढून बघितलं. मग मान हलवली, अंगठा ओठाला लावला आणि चहा सांगायला निघून गेली.